दोन फुटी रोबो-शहर घेताना आणि रंगवताना: आधी सांधे, मग बाकी सगळं

मोठा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रूप बदलणारा खेळण्यातला रोबो, घरात आला की बहुतेक जण काय करतात, खोका फाडतात, रोबो उभा करतात, फोटो काढतात आणि "कडक आहे राव" म्हणून मोकळे होतात. मग महिन्याभराने कंबर झुकायला लागते, शहराचा रॅम्प बसत नाही, किंवा हौसेने रंग दिल्यावर गुडघाच फिरत नाही. यातलं बरंचसं पहिल्याच दिवशी कळू शकतं, पण तपासायचा क्रम उलटा होतो ना. म्हणून इथे क्रमच सांगतोय.

उदाहरणाला दोनच घेतो, २०१३ चा टायटन क्लास (म्हणजे मोठ्या आकाराचा) मेट्रोप्लेक्स आणि २०१६ चा टायटन्स रिटर्न या मालिकेतला फोर्ट्रेस मॅक्सिमस. दोघंही साधारण दोन फूट उंच, दोघंही रोबो, शहर आणि आणखी एक मोड (रूप) असलेले, आणि मॅक्सिमस तर मेट्रोप्लेक्सच्याच सांगाड्यात भरपूर बदल करून बनवलाय, त्यामुळे एक तपासता आला की दुसरा तपासता येतो. मधेमधे १९८६ चा जुना मेट्रोप्लेक्स आणि १९८७ चा जुना मॅक्सिमस येतील, कारण सेकंडहँड बाजारात खरे घोळ त्यांच्यातच होतात.

## १. आधी ठरवा: ठेवायचाय की कापायचाय

हे सगळ्यात आधी, पैशाच्याही आधी. कलेक्टरला जो पीस चांगला तोच कस्टमायझरला (म्हणजे कापून-रंगवून बदलणाऱ्याला) चांगला असेल असं अजिबात नाही, उलट बऱ्याचदा उलटंच असतं. पिवळा पडलेला, स्टिकर निघालेले, खोका नाही, पण सांधे टणक, असा मेट्रोप्लेक्स रंगवणाऱ्यासाठी सोनं आहे आणि ठेवणाऱ्यासाठी डोकेदुखी. आणि चकचकीत, पूर्ण, खोक्यासकट पण कंबरेत लूज असा पीस काचेमागे एका पोजमध्ये वर्षानुवर्षं उभा राहील, पण त्यावर तुम्ही रंग आणि जादाचे पार्ट चढवले की वजनाने बसलाच.

तर कागदावर एक ओळ लिहा: "मला हा पीस कशासाठी हवाय". पुढच्या प्रत्येक पायरीला त्या ओळीकडे बघून मार्क द्यायचे. "दोन्हीसाठी" असं लिहिलं असेल तर ते उत्तर नाही, परत विचार करा.

## २. कोणता व्हर्जन आहे ते पक्कं करा

फोर्ट्रेस मॅक्सिमस म्हटलं की विकणारा १९८७ चा अमेरिकन म्हणतोय, जपानी म्हणतोय, २०१३ ची टाकारा टोमी या जपानी कंपनीची एन्कोर रीइश्यू (जुन्याचीच पुन्हा काढलेली आवृत्ती) म्हणतोय, २०१६ चा म्हणतोय की सरळसरळ केओ म्हणजे नक्कल म्हणतोय, हे त्याच्या तोंडून नाही, वस्तूवरून ठरवायचं.

जुन्यांमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे तलवार. १९८७ च्या जपानी मॅक्सिमसबरोबर मास्टर सोर्ड होती, अमेरिकन हॅस्ब्रो कंपनीच्या पीसबरोबर नव्हतीच. त्यामुळे अमेरिकन पीस "तलवार हरवलीय म्हणून स्वस्त" असा कोणी देत असेल तर एकतर त्याला माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याला वाटतंय. आणि अमेरिकन खोक्यात तलवार दिसली तर ती मागाहून आलेली आहे, कुठून आली ते विचारा.

दुसरी गोष्ट, डोक्यांची साखळी. जुन्या मॅक्सिमसमध्ये छोटा स्पाइक हा सेरेब्रॉस या मधल्या रोबोचं डोकं होतो आणि सेरेब्रॉस हा मॅक्सिमसचं डोकं होतो. २०१६ वाल्यात स्पाइकच्या जागी एमिसरी आहे. यातला सगळ्यात छोटा माणूस हरवतो, नेहमी तोच हरवतो, आणि तो नसला की साखळीच तुटली. जुन्यामध्ये गॅस्केट आणि ग्रोमेट या दोन गाड्याही बघा, दोघी मिळून कॉग होतो, एकच असेल तर अर्धवट. मेट्रोप्लेक्सचं तसं: १९८६ च्या जुन्याबरोबर स्कॅम्पर, सिक्स-गन आणि स्लॅमर असे तिघं, २०१३ च्या टायटनबरोबर फक्त स्कॅम्पर. टायटन विकणाऱ्याला "स्लॅमर कुठाय" विचारून हसं करून घेऊ नका.

तपासा: कॉपीराइटचा कोरलेला मजकूर शोधा आणि त्याचा जवळून फोटो मागा. अक्षरं बुजलेली, किंवा जिथे मजकूर असायला हवा तिथे घासल्यासारखा सपाट भाग, असं दिसलं तर नक्कल धरूनच चाला. नक्कल घेणं चूक नाही, कापायला-रंगवायला लोक मुद्दाम घेतात, पण मग भाव नकलेचा हवा.

## ३. विकणाऱ्याकडून काय मागायचं

"अजून फोटो पाठवा" असं मोघम मागितलं की तोच समोरचा फोटो चार अँगलने येतो. नेमकं मागा:

- सगळे सुटे पार्ट एका चादरीवर पसरून वरून एक फोटो
- बॅटरीचा कप्पा झाकण काढून
- पाठ आणि पायांचे तळवे
- दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून काढलेला पूर्ण फोटो, कारण पिवळेपणा ट्यूबलाइटखाली लपतो
- एक छोटा व्हिडिओ, ज्यात तो रोबोला कंबरेपाशी धरून एक पाय पुढे-मागे करतोय आणि आवाज ऐकू येतोय

शेवटचा व्हिडिओ सगळ्यात महत्त्वाचा. रॅचेटचा (दातेरी, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या सांध्याचा) टक-टक आवाज व्हिडिओत स्पष्ट येतो आणि झिजलेल्याचा गुळगुळीतपणाही कळतो. द्यायला कोणी टाळाटाळ केली तर कारण काहीही असो, भाव कमी करायचा किंवा सोडून द्यायचा.

बाहेरून मागवत असाल तर फक्त वस्तूची किंमत बघून हुरळू नका. भारतात तयार खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेली होती, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नियम लागू आहे. नियम बदलत राहतात आणि तुमच्या पार्सलला नेमकं काय लागेल ते ऑर्डरच्या आधी कुरिअरवाल्याकडून घरपोच एकूण आकडा म्हणून लेखी घ्या. एवढा मोठा खोका म्हटल्यावर कुरिअर वजनावर नाही, आकारमानावर पैसे लावतो, तिथे अंदाज हमखास चुकतो.

## ४. खोका आला: उघडा, मोजा, पण फिरवू नका

उघडतानाचा व्हिडिओ सलग घ्या, मध्ये कट नको, लेबल दिसण्यापासून सुरू करा. मग सगळं टेबलावर काढा आणि माहितीपुस्तिकेतल्या चित्राशी एकेक पार्ट जुळवा. पुस्तिका नसेल तर तिचं स्कॅन नेटवर शोधून आधीच मोबाईलमध्ये ठेवा.

थांबा: अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातल्या मंडळींसाठी खास: थंडीत पार्सल दारात तासन्तास पडून असेल तर ते घरात आणून रात्रभर तसंच ठेवा. थंड प्लास्टिक ठिसूळ असतं, आणि पहिल्याच उत्साहात खटका लावला की पेग (जोडायची खुंटी) तुटतो.

मोजून झालं की लगेच बॅटरीचा कप्पा. टायटन मेट्रोप्लेक्सला लाइट आणि आवाज आहे, म्हणजे आधीच्या मालकाने सेल आत विसरलेला असू शकतो. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल गळलाय. हातमोजे घाला, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पत्री पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नवे सेल. पत्री खाऊन गेली असेल तर ती बदलावी लागते, सोल्डरिंग येत असेल तर फार मोठं काम नाही. कलेक्टरने मात्र हे किमतीत धरायचंच.

## ५. प्लास्टिक वाचायला शिका

अजून काहीही फिरवलेलं नाही, लक्षात आहे ना? खिडकीपाशी बसा, टॉर्च तिरका धरा आणि पृष्ठभाग बघा.

गडद रंगाच्या पार्टवर पांढुरक्या रेषा दिसल्या तर तिथे प्लास्टिकवर ताण पडलाय. ती चीर नाही, पण चिरेची जागा आहे. स्क्रू जिथे बसतो त्या नळीभोवती आणि धातूच्या पिनांच्या तोंडाशी केसासारखी चीर शोधा, मोठ्या रोबोत तुटायला सुरुवात तिथूनच होते.

पांढरा आणि फिका करडा भाग पिवळा पडलाय का, आणि पडला असेल तर सगळीकडे सारखा की एकाच बाजूने? एकाच बाजूने म्हणजे खिडकीशेजारी उभा होता. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरून पिवळेपणा उतरवता येतो, पण तो परत येऊ शकतो आणि नीट न लावल्यास ढगासारखे डाग पडतात. रंगवणाऱ्याला याचा काही फरक पडत नाही. कलेक्टरने विचारायचं की आधी असं काही केलंय का, आणि पुढे विकताना स्वतःही सांगायचं.

थांबा: १९८० च्या शेवटापासून १९९० च्या दशकापर्यंतच्या काही रोबोंमध्ये आत चमचम असलेलं सोनेरी प्लास्टिक आहे, ते वयाने आपोआप ठिसूळ होतं आणि हातात भुगा होतो. असा भाग दिसला तर तो हलवायचा नाही, कलेक्टर असाल तर तो पीस आहे त्या पोजमध्येच राहणार हे मान्य करूनच घ्यायचा.

## ६. सांधे, म्हणजे खरी परीक्षा

इथे घाई केली तर वरचं सगळं वाया. एवढ्या उंचीच्या रोबोचा सगळा भार कंबर (म्हणजे पाय धडाला जोडणारे दोन सांधे), गुडघा आणि घोटा यांच्यावर असतो, हात-डोकं हे त्यामानाने शोभेचं. म्हणून वरून खाली नाही, खालून वर तपासायचं.

रोबोला आडवा, पाठीवर, जाड टॉवेलवर झोपवा. उभा करून तपासणं ही सगळ्यात कॉमन चूक, कारण तेव्हा वजनामुळे लूज सांधाही घट्ट वाटतो आणि निसटला की दोन फुटांवरून तोंडावर आपटतो.

घोट्यापासून सुरू करा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना हात जवळ ठेवून हळू फिरवा, लांब टोक धरून नाही, पायाचं टोक धरून फिरवलं की तरफेसारखा जोर येतो आणि पिन वाकते. मग गुडघा, मग कंबर. कंबर-गुडघ्यात रॅचेट आहे, प्रत्येक टप्प्याला टक आवाज यायला हवा. डाव्या पायाचे टक मोजा, उजव्याचे मोजा. आकडा सारखा हवा आणि जोरही साधारण सारखा लागला पाहिजे. एका बाजूला टक न करता सरकला तर दात झिजलेत, किंवा आतली स्प्रिंग गेली, किंवा नुसता स्क्रू ढिला आहे. तिसरी शक्यता आधी तपासा, फुकटात होते.

आता रॅचेट आणि घर्षणाचा सांधा यातला फरक समजून घ्या, कारण नेटवर सगळ्यांना एकच औषध सांगतात, "नेलपॉलिश लाव". पारदर्शक नेलपॉलिशचा किंवा फ्लोअर पॉलिशचा पातळ थर बॉल-जॉइंटवर किंवा साध्या घर्षणाच्या पेगवर चालतो, पूर्ण वाळवून मग जोडायचं. रॅचेटला त्याने काहीही होत नाही, उलट दातांत साठून घाण होते. आणि फेव्हिक्विक सांध्यात ओतणाऱ्यांना हात जोडून विनंती की नका करू, एकदा धरलं की सांधा कायमचा पुतळा, आणि त्याची वाफ जवळच्या पारदर्शक भागावर पांढरी धुरकट साय आणते ती वेगळी.

आडवं तपासून झालं की उभा करा, पाय खांद्याइतके फाकवून, आणि तासभर तसाच सोडा. मागच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला पेन्सिलने खूण करा. तासाने खूण हलली असेल तर कंबर बसतेय. कलेक्टरला चालेल, स्टँड मिळतो. कस्टमायझरने इथेच थांबून विचार करायचा, कारण पुढे तुम्ही वजन वाढवणार आहात, कमी नाही.

## ७. पहिलं ट्रान्सफॉर्मेशन

पुस्तिका समोर ठेवून, आठवणीवर नाही. जिथे अडेल तिथे जोर लावायचा नाही, एक पायरी मागे यायचं. दहापैकी नऊ वेळा मधलीच एखादी झडप उघडायची राहिलेली असते.

स्टिकर कुठे दोन पार्टच्या फटीवरून गेलेत ते बघत जा. या दोन्ही टायटनना स्टिकर भरपूर आहेत आणि नवीन पीसवर ते तुम्हालाच लावायचे असतात, तेव्हा लावायच्या आधी एकदा पूर्ण ट्रान्सफॉर्म करून कुठे घासतं ते बघा. रंगवणार असाल तर स्टिकर लावूच नका, शीट सपाट करून वहीत जपून ठेवा, पुढे रंगकामाला मापं म्हणून उपयोगी पडते.

## ८. शहर म्हणून चालतं का

प्लेसेट म्हणून घेतलाय आणि शहर मोडमध्ये कधीच उघडला नाही असे लोक मी कितीतरी बघितलेत. निम्मी वस्तू तिथेच आहे हो.

सपाट टेबलावर शहर मांडा. चारही कोपरे टेबलाला टेकतात का? एक कोपरा हवेत असेल तर कुठलातरी पॅनल पूर्ण बसलेला नाही किंवा वाकलाय. रॅम्प लावा आणि छोटी गाडी वरून सोडा, सांध्यावर अडकून उलटली तर रॅम्पचा बिजागर वाकलेला. मग ५ मिमीची छिद्रं. आजकालच्या बहुतेक ट्रान्सफॉर्मरची शस्त्रं ५ मिमी पेगची असतात, एक चांगली बंदूक घेऊन प्रत्येक छिद्रात घालून बघा. सैल आहे की घट्ट, काठाला चीर आहे की नाही, हे कागदावर लिहून ठेवा. टायटन्स रिटर्नच्या मॅक्सिमसमध्ये छोट्या टायटन मास्टर माणसांच्या बसायच्या-उभं राहायच्या जागाही बघा, तिथे पाय अडकतात की नुसते टेकतात ते कळतं.

कलेक्टरचं काम इथे जवळपास संपलं, त्यांनी सरळ अकराव्या पायरीवर जावं.

## ९. रंगवणाऱ्यांसाठी: प्लास्टिकचा नकाशा

रोबो एकाच प्लास्टिकचा नसतो आणि सगळ्या फसलेल्या रंगकामाचं मूळ यात आहे. रोबोचं साधं चित्र काढा आणि भाग वाटून घ्या.

मोठे बाहेरचे कवच साधारण एबीएस असतात, कडक, वाळूकागदाला दाद देणारे, प्रायमर (रंगाआधीचा थर) छान धरणारे. सांध्यातले घासणारे पार्ट पुष्कळदा पीओएम किंवा नायलॉन, हाताला मेणचट-निसरडे लागतात, त्यांच्यावर ना रंग टिकतो ना गोंद, ते तसेच सोडायचे किंवा रंग प्लास्टिकचाच स्वीकारायचा. मऊ वाकणारे अँटेना, टोकं वगैरे पीव्हीसीसारखे असतात, त्यांच्यावर एनॅमल मारला की महिनोन्‌महिने चिकट राहतो, तिथे ॲक्रिलिक बरा. पारदर्शक भागांना लॅकर आणि थिनरपासून लांब ठेवा, जाळीसारख्या चिरा पडतात.

थांबा: नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर तो एबीएस विरघळवतो. "जुना रंग काढायला" म्हणून सुचवणारे खूप भेटतील. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, आणि तोही आधी आतल्या न दिसणाऱ्या जागी लावून रात्रभर बघा.

## १०. खोलणं, घासणं आणि सुकं जोडून बघणं

प्रत्येक पार्ट खोलायच्या आधी फोटो. जाड पुठ्ठ्यावर पार्टचं चित्र काढा आणि स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू छोट्या जागी घातला की बाहेरून टेंगूळ येतं किंवा कवच फुटतं. रॅचेट उघडताना हात आणि पार्ट मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून उघडा, स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते. धातूची पिन काढायची असेल तर तिचं एक टोक खाचांचं असतं, ठोकायचं गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे खाचांचं टोक पुढे बाहेर निघतं. उलट ठोकली की भोक रुंद झालं समजा.

परत स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा, हलकासा टप्प असा खाली बसल्याचा जाणवेल, मग घट्ट करा, म्हणजे जुन्याच आट्यांत बसतो. असं न करता दोन-चार वेळा खोललं की नळीतले आटे संपतात.

आता मुख्य हिशोब. रंग, प्रायमर आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) मिळून जाडी वाढवतात. जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकतात तिथे मार्करने ठिपके करा, जोडा, दहा-बारा वेळा फिरवा, उघडा. ठिपका पुसला गेला तिथे रंगही जाणार. अशा जागी आधी वाळूकागदाने थोडं खाली उतरवायचं किंवा मास्किंग टेप लावून रंगच टाळायचा. पेग आणि छिद्रं रंगवायची नाहीत, कधीच नाही. ५ मिमीचा पेग रंगाने किंचित जाड झाला की छिद्राचा काठ फाटतो, आणि तो दोष आठव्या पायरीतल्या तुमच्या कागदावर नव्हता, म्हणजे तो तुमचा.

थ्रीडी प्रिंटचे पार्ट लावणार असाल तर व्हर्निअरने पेग मोजल्याशिवाय घालू नका, प्रिंट बऱ्याचदा किंचित जाड येतं. आणि पीएलएचे (थ्रीडी प्रिंटिंगच्या एका प्लास्टिकचे) पार्ट साधारण ६० अंशांपाशी मऊ पडतात, मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद गाडीत ठेवून कुठे प्रदर्शनाला नेलं तर तोफ वाकलेली बाहेर येईल.

सांधे जोडताना वंगण लागलंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही ठिपकाभर. शिलाई मशीनचं तेल काही प्लास्टिकना चिरा पाडतं.

## ११. ठेवायची जागा

दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर, पण वर हात-तोफा धरून कप्प्याची उंची निदान ६८-७० सेंटिमीटर हवी. कप्प्याची आत जाणारी खोली ठरवताना रोबोचं माप नाही, शहर मोडचं घ्या. फळी मधोमध वाकत असेल तर रोबो तिरका उभा राहतो आणि कंबरेच्या एकाच बाजूवर भार येतो. थेट ऊन नको, खिडकीसमोरची भिंत तर नकोच.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात स्क्रू आणि पिना गंजतात, कप्प्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि गणपतीच्या सुमारास बदला. लाइट-आवाजवाल्याचे सेल मात्र डिस्प्लेला ठेवताना काढूनच ठेवायचे, आणि कप्प्याच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: सेल काढले, तारीख अमुक, कंबरेचे टक डावे इतके, उजवे इतके. पुढच्या वर्षी परत मोजाल तेव्हा तुलनेला काहीतरी असेल.